वस्तादाची फुंकर

रोपवाटिकेच्या मधोमध उभं असलेलं संत्र्याचं जुनं झाड यंदा जाणार, हे आबांना थंडी सरायच्या आतच कळलं होतं. बुंध्याला डिंक्या लागला होता. साल तडकून आतला डिंक बाहेर पाझरे आणि त्यावर मुंग्यांची रांग लागे. आबांनी सडलेली साल खरवडून काढली, लेप लावला, बुंध्यापासून पाणी लांब नेलं. झाडाने ऐकलं नाही. एकेका फांदीने पानं टाकली आणि शेवटी उगवतीकडची एक फांदी तेवढी हिरवी राहिली.

आबांची सगळी रोपवाटिका या एका झाडाच्या पोटची. जंगली लिंबाची रोपं वाढवायची, त्यांच्या पेन्सिलीएवढ्या खोडाला चीर द्यायची आणि या झाडाचा डोळा तिच्यात भरायचा, हा त्यांचा पन्नास वर्षांचा धंदा. डोळा म्हणजे पानाच्या बेचक्यात बसलेली फुगीर कळी. तिच्यातून नवं झाड येतं, मुळं लिंबाची आणि फळ संत्र्याचं. या झाडाचं फळ दिसायला अगदीच साधं, पण कडक उन्हाळ्यातही ते आतून सुकत नसे. त्याच्यापासून झालेल्या बागा मात्र लोकांनी चकचकीत फळाच्या नादाने केव्हाच तोडल्या होत्या. आता जे होतं ते त्या एका फांदीवर होतं.

आणि नेमका याच वर्षी आबांचा उजवा हात थरथरायला लागला. पाण्याचा पेला तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सदरा ओला होई. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळीने थोडं कमी होईल. गोळीने झोप वाढली, हात होता तसाच राहिला. डोळा भरायचा म्हणजे सालीखाली कागदाएवढ्या फटीत चाकूचं टोक घालायचं काम, ते अशा हाताने कसं व्हायचं? हाताखालची दोन माणसं खणायला आणि पाणी द्यायला चांगली होती, पण चाकूच्या वाटेला कधी गेली नव्हती. मुलगा लांबच्या कारखान्यात. काटा कुठला आणि डोळा कुठला हे त्याला हातभरावरून सांगता आलं नसतं.

उरली सून. ती गावच्या शाळेत सातवीला शिकवायची. एका सकाळी आबा झाडाखाली नुसतेच बसलेले बघून ती म्हणाली, "आबा, माझ्या वर्गात अठ्ठावीस पोरं आहेत. म्हणजे छप्पन्न हात झाले."

आबांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की दुसरी कुणी असती तर स्वयंपाकघरात गेली असती. हा काय पोरखेळ आहे का, असं त्यांचं म्हणणं. वस्तादाकडे त्यांना नुसता चाकू हातात मिळायला दोन वर्षं लागली होती.

"मग झाडाला सांगा, दोन वर्षं थांब म्हणून," रोपवाटिकेला लागूनच असलेल्या घराच्या ओट्यावरून आजी म्हणाली. आजी म्हणजे आबांची बायको. शब्द एकच टाकायची, पण नेमका टाकायची. शिवाय ती वस्तादाचीच मुलगी, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे आबांचं फारसं चालत नसे.

महिन्या-सव्वा महिन्याचा प्रश्न होता. पुढे ऊन असं तापतं की खोडाची साल लाकडाला घट्ट धरून बसते, आणि फांदीही तोवर टिकेल याचा भरवसा नव्हता. आबांनी टोपी घातली आणि लिंबाच्या फांद्यांची एक मोळी घेऊन शाळेत गेले.

सूनबाईंनी वर्गात फळ्यावर चित्र काढून ठेवलं होतं. आबांनी ते पुसायला लावलं. चित्राला साल नसते, म्हणाले. बाकं भिंतीला सरकवून त्यांनी मधे एक पाट टाकला, त्यावर बसले आणि सात-सात पोरांना आपल्या पाठीशी उभं केलं. वस्तादाने त्यांना असंच शिकवलं होतं. शिकवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहिलं की त्याचा उजवा तो आपला उजवा, उलटसुलट होत नाही. मग त्यांनी नियम सांगितला. "तोंड बंद, डोळे उघडे. मी करतो तसंच करायचं."

एका मुलीने हात वर केला. साल उभी कापायची ते कळलं, पण वर आडवी चीर का द्यायची, असं तिला विचारायचं होतं. आबा म्हणाले, आधी कर, का ते हाताला आपोआप कळेल. तिने हात खाली घेतला. तो डावा हात होता, हे आबांच्या तेव्हाच लक्षात आलं आणि त्यांनी बजावलं, चाकू उजव्याच हातात धरायचा, डाव्याचं काम नाही हे. वर्गात तिला डावरी असंच म्हणत आणि तिलाही ते चाले. ती पाठीमागच्या घोळक्यात थोडा वेळ उभी राहिली. तिथून तिला काहीच जुळेना. मग ती हळूच आबांच्या समोर येऊन जमिनीवर बसली. तिथून आबांचा उजवा हात बरोबर तिच्या डाव्यासमोर येत होता, आरशातल्यासारखा. आबांची मान खाली होती, त्यांनी पाहिलं नाही.

पोरं चिडीचूप होती. हे खोटं सांगून चालायचं नाही, आबांना शिकवता येत होतं. थरथरत्या हातानेही लिंबाच्या जाड फांदीवर दाखवण्यापुरतं त्यांना जमे. चाकूखालून साल सुटताना जो बारीक चर्र आवाज येतो तो शेवटच्या पोराला ऐकू जाई, एवढी शांतता. हेडमास्तर दारातून डोकावले, खूश झाले आणि सूनबाईंना म्हणाले, "बाई, तुमच्या तासाला कसा बाजार भरलेला असतो, आणि हे बघा." सूनबाई मागच्या बाकावर वह्या तपासत होत्या. त्यांनी मान हलवली आणि पुढची वही उघडली, पण त्या वहीतल्या बरोबर उत्तरावर त्यांनी चुकीची खूण केली. ती नंतर खोडावी लागली.

त्यांची पद्धत वेगळी होती. त्या पोरांना जोडीने बसवायच्या, एकाने करायचं आणि दुसऱ्याने बघून सांगायचं. काहीही करण्याआधी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, "आधी सांग, काय होईल?" मग पोरं भांडायची, पैजा मारायची, चुकायची. घरी जेवताना त्यांनी हे आबांना सांगून पाहिलं होतं. आबा म्हणाले होते, चुकायला माझ्याकडे डोळे आहेत कुठे? फांदीवर मोजून ऐंशी-पंच्याऐंशी आहेत. आकडा खरा होता, म्हणून सूनबाईंनी विषय सोडला.

चार दिवस लिंबाच्या फांद्यांवर हात बसवून झाला. पाचव्या दिवशी आबांनी हिरव्या फांदीच्या निम्म्या काड्या उतरवल्या, पानं छाटून नुसते देठ ठेवले, काड्या ओल्या कापडात गुंडाळल्या आणि वर्ग रोपवाटिकेत आणला. चौदा जोड्या, जोडीला तीन डोळे. सूनबाईंनी प्रत्येक रोपाला जोडीच्या नावाची पट्टी बांधायला लावली, तेवढंच त्यांचं आबांनी ऐकलं.

काम सुरू झालं. आबा पाठीवर हात बांधून रांगांमधून चालू लागले आणि तिसऱ्या रोपापाशी थबकले. चाकू धरलेल्या पोराची तर्जनी ताठ, थेट वर आभाळाकडे. शेजारच्या पोरीचीही तशीच. त्यांनी मान वळवून पाहिलं. सगळ्या रांगेची बोटं वर. एकाने तर बोट वाकू नये म्हणून त्याला काडी बांधली होती. आणि डोळा चिरेत सरकवायच्या आधी प्रत्येक पोर ओठांचा चंबू करून त्यावर फुंकर घालत होतं. फू, फू, फू, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आबांची उजवी तर्जनी तेरा वर्षांचे असताना चाकूने कापली गेली होती. आतली शीर तुटली ती तुटलीच, बोट पुन्हा कधी वाकलं नाही. लहानपणी त्यावरून त्यांना बाणबोट्या म्हणून चिडवत. ते नाव ऐकून पन्नास वर्षं झाली होती, पण त्या क्षणी अठ्ठावीस पोरं तेच नाव न बोलता घेतायत असं त्यांना वाटलं. त्यांची कानशिलं तापली. "माझी नक्कल करता?" एवढंच ते म्हणाले. हातातली काडी टाकली आणि घराकडे चालू लागले. पोरं बावरून बघत राहिली. मागे सूनबाईंनी उरलेले डोळे भरून घेतले.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर आबा कुणाशी बोलेनात. सूनबाईंनीच विषय काढला. त्यांनी पोरांना विचारलं होतं. बोटाला काडी बांधणाऱ्या पोराचं म्हणणं असं, की कापणं जमतं, बांधणं जमतं, पण बोट ताठ धरणं फार अवघड आहे, दुखतं, घरी सराव करतोय.

"ती नक्कल नव्हती, आबा. तुम्हीच म्हणालात ना, मी करतो तसंच करायचं. त्यांनी तसंच केलं."

आबांचा घास हातात राहिला. मग त्यांना हसू यायला लागलं, आधी नाकातून आणि मग खरंच. पोरांना माझं व्यंगही शिकवलं की मी, म्हणाले. बोटाचं उद्या सांगून टाकतो. फुंकर मात्र बरोबर घालत होती पोरं. ती वस्तादाची. डोळा झाडावरून सुटला की गारठतो, त्याला माणसाची ऊब द्यावी लागते. हे वस्तादाने तोंडाने कधी सांगितलं नाही, पण एकही डोळा त्याने फुंकरीवाचून भरला नाही.

आजी वाढता वाढता थांबली. "कुठली फुंकर?"

आबांनी ओठांचा चंबू करून दाखवलं.

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, बाबांना दमा होता," ती म्हणाली. "वाकले की छातीत कोंडायचं त्यांच्या. असा श्वास सोडला की मोकळं वाटायचं. चपला घालतानाही सोडायचे."

आबांच्या डोळ्यांपुढे वस्ताद चपला घालताना उभा राहिला, आणि खरंच, तो फुंकत होता. पन्नास वर्षं, वर्षाला हजारो डोळे, आणि प्रत्येकावर आबांनी एका मेलेल्या माणसाचा दमा फुंकला होता.

"मग इतकी वर्षं मला बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, तुम्हीपण दम खाता."

त्या रात्री आबांना वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त त्यांना कुतूहल वाटत होतं, आणि ही गोष्ट त्यांना इतकी अनोळखी होती की पोटात काही बिघडलंय की काय असं वाटून त्यांनी पाणी पिऊन पाहिलं. डोळ्यावर बांधायच्या पट्टीला तीन वेढे देतो ते का? काडी डाव्या मांडीवरच का ठेवतो? यातली कला किती आणि वस्तादाचं दुखणं किती? ज्याला विचारायचं तो जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि तो होता तेव्हा तोंड बंद ठेवायचा नियम होता.

तीन आठवड्यांनी निकालाचा दिवस आला. डोळा जगला की मेला हे ओळखायची खूण सोपी आहे. डोळ्याखाली ठेवलेल्या पानाच्या देठाला बोट टेकवायचं. देठ टपकन गळून पडला तर डोळा जगला, कारण जिवंत डोळाच जुना देठ सोडतो. देठ वाळून चिकटून बसला तर आत सगळं संपलेलं असतं. पोरांना आधी हे उलटंच वाटलं. चिकटलेलं ते मेलेलं आणि पडलेलं ते जिवंत, हे त्यांनी दोन-दोनदा विचारून घेतलं.

पोरांनी बोटं टेकवली. बेचाळीसपैकी नऊ देठ पडले.

आबा रोपांच्या वाफ्याच्या कडेवर बसले. तेहतीस डोळे मातीत गेले होते. फांदीवर आता चाळीस-एकेचाळीस उरले होते आणि तिचीही पानं दुमडायला लागली होती. दोन पोरी रडायला लागल्या. आबांना वाटलं, आपल्याला कुणी ओरडलं तर बरं होईल.

सूनबाई ओरडल्या नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी सगळ्यांना वर्गात नेलं, आबांनाही बाकावर बसवलं आणि फळ्यावर रोपांच्या रांगा काढल्या. नऊ जागी खडूने गोल केले आणि खडू खाली ठेवून विचारलं, "हे नऊच का?"

वर्गात बाजार भरला. हेडमास्तर पुन्हा दारातून डोकावले आणि या वेळी कपाळाला आठ्या घालून गेले. कुणी म्हणालं सावली, कुणी म्हणालं नशीब. तिघांनी कबूल केलं की त्यांनी डोळा उलटा भरला होता, शेंडा खाली. बोटाला काडी बांधणाऱ्या पोराच्या मग लक्षात आलं की नवांतले सहा गोल एकाच रांगेत आहेत. त्या रांगेच्या तोंडाशी पाण्याच्या नळीचा सांधा गळतो. म्हणजे तिथली माती ओली होती. आबा मान वर करून ऐकू लागले. पण मग बाकीचे तीन? ते तर शेवटच्या, सगळ्यात कोरड्या रांगेत होते. आणि तिघांवरही पट्टी एकाच जोडीची, डावरीच्या.

सगळ्यांनी डावरीकडे पाहिलं. ती खालमानेने म्हणाली की तिने चाकू डाव्या हातात धरला होता, आबांना सांगू नका. आबा तिथेच बसलेले होते, त्यामुळे वर्ग हसला. सूनबाईंनी विचारलं, हात सोड, आणखी काय वेगळं केलंस?

"काही नाही. आबा करतात तसंच. आधी अंगठ्याने बघून घेतलं."

"अंगठ्याने काय?" आबांनीच विचारलं. "मी अंगठ्याने काही करत नाही."

"करता की," डावरी म्हणाली. ती उठली, मोळीतून लिंबाची एक फांदी घेतली आणि अंगठ्याच्या नखाने साल किंचित दाबून बाजूला सरकवून दाखवली. "असं करता. साल सरकली तर कापता. नाही सरकली तर ती काडी ठेवून देता आणि दुसरी घेता. मी पण न सरकणारी रोपं सोडून दिली. सरकणारी तीनच सापडली."

आबांनी ती फांदी घेतली. त्यांचा अंगठा आपणहून सालीवर गेला, दाबला, सरकला. ते त्याच्याकडे परक्याच्या अंगठ्याकडे बघावं तसं बघत राहिले. खोड तहानलेलं असलं की साल सुटत नाही आणि न सुटणाऱ्या सालीत भरलेला डोळा मरतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते आपण दर वेळी तपासून पाहतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ते कधी सांगितलं नाही. पाठीशी उभ्या असलेल्या पोरांना तळव्याआडचा अंगठा दिसलाच नाही. त्यांना दिसलं ते वर आलेलं बोट आणि ऐकू आली ती फुंकर. जे घ्यायचं ते राहिलं आणि जे टाकायचं ते सगळ्या वर्गाने मनापासून घेतलं. एक पोरगी घोळक्यातून बाहेर पडली, तिला तेवढं दिसलं.

"मी तुला डाव्या हाताने करू नकोस म्हणालो होतो," आबा म्हणाले.

"हो," डावरी म्हणाली.

"बरं झालं ऐकलं नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून घाई सुरू झाली. पोरांनी डब्यांनी पाणी वाहिलं, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. पाठीला रग लागली, तळहातांना फोड आले. मग पुन्हा लिंबाच्या फांद्या आल्या, पण या वेळी जोडीने. आबा रांगांमधून फिरत होते आणि मधेच एखाद्या पोरापाशी बसून विचारत होते, "आधी सांग, ही साल सुटेल का?" पोरं सांगत, नखाने बघत आणि ओरडून खरं-खोटं करत. आबांना हा गोंगाट पहिल्या दिवशी सोसला नाही. दुसऱ्या दिवशी तेच त्यात ओरडू लागले. मात्र चाकू कसा धरायचा हे त्यांनी विचारलं नाही, दाखवलं. तिथे त्यांना विचारणं मंजूर नव्हतं, आणि सूनबाईंनीही ते मान्य केलं. धारेशी चर्चा करायची नसते.

फुंकरीचं काय करायचं, हा प्रश्न पोरांनीच काढला. आजीकडून ती गोष्ट गावभर झाली होती. आबा म्हणाले, मला माहीत नाही. हे वाक्य त्यांनी पोरांसमोर पहिल्यांदा उच्चारलं. मग ठरलं की निम्म्या डोळ्यांना फुंकर घालायची, निम्म्यांना नाही, आणि पट्टीवर तसं लिहायचं.

डावरीचं लक्ष भलतीकडेच होतं. आबा पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलतात आणि तो सांडत नाही, हे तिने पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, "आबा, तुमचा डावा थरथरत नाही. डाव्याने करून बघा ना."

आबा म्हणाले, या वयात? ती म्हणाली, मी शिकवते. आणि तिने पाट टाकला, त्यावर बसली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "माझ्या पाठीशी उभे राहा." आजी ओट्यावरून बघत होती, तिने तोंडाला पदर लावला. आबा आपल्या पन्नास वर्षांच्या कलेसह एका बारा वर्षांच्या पोरीच्या पाठीशी उभे राहिले आणि चाकू डाव्या हातात धरून पाहिला. पहिल्या फांदीची सालच गेली. दुसरी मधोमध चिरली. पाचवीला डावा अंगठाच कापला आणि तेरा वर्षांचे असताना आला होता तसाच रडवेला राग त्यांना आला. डावरीने पट्टी बांधली आणि पुढची फांदी हातात दिली.

चौथ्या दिवशी हिरव्या फांदीचं जे होतं ते सगळं उतरवलं. धडधाकट डोळे एकेचाळीस निघाले. पोरांनी वीस फुंकरीचे भरले आणि वीस बिनफुंकरीचे. कापडात एक उरला. तो कुणाचा यावर वाद झाला नाही. आबा पाटावर बसले, एका रोपाची साल नखाने पाहिली, ते सोडलं, दुसऱ्याचं पाहिलं. मग डाव्या हाताने चीर दिली. वेळ एवढा लागला की दोन पोरं कंटाळून पाणी पिऊन आली. डोळा आत सरकला. पट्टी मात्र डावरीने धरून ठेवली आणि आबांनी वेढे दिले, तीनच. तीन का, ते पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

पुढच्या तीन आठवड्यांत ऊन असं तापलं की पत्र्यावर हात ठेवता येईना. जुन्या झाडाची ती फांदीही वाळली आणि एका दुपारी आबांनी स्वतः माणसांना सांगून झाड उतरवून घेतलं. उतरवताना ते तिथे थांबले नाहीत. शाळेत जाऊन सातवीच्या मागच्या बाकावर बसून राहिले. तास कसला होता हे त्यांना कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग तो दिवस आला. पोरं वाफ्यांभोवती दाटीने उभी राहिली. देठ पडू लागले. टप, टप. बिनफुंकरीचे सोळा जगले. फुंकरीचे पंधरा, पण फुंकरीचं एक रोप शेळीने खाल्लं होतं आणि ते मेलेल्यात धरायचं की नाही यावर एवढं भांडण झालं की सूनबाईंना मधे पडावं लागलं. म्हणजे फुंकर घाला नाहीतर नका घालू, डोळ्याला त्याचं काही नव्हतं. आबांनी मान हलवली. एकतीस झाडं. त्यांनी मनात पुन्हा मोजलं, एकतीस आणि आधीची नऊ, चाळीस. त्यांना बसावंसं वाटलं, पण अजून एक रोप राहिलं होतं.

त्या रोपाशी येऊन ते थांबले. उजवा हात पुढे केला आणि मागे घेतला. तो इतका थरथरत होता की देठ आपोआप पडला की धक्क्याने, हे कळलंच नसतं. डावा अंगठ्याची जखम चिघळल्यामुळे अजून बांधलेला होता.

"तू लाव बोट," ते डावरीला म्हणाले. "माझ्या हाताची साक्ष नको."

डावरी वाकली, बोट देठाजवळ नेलं आणि थांबली. तिने वर बघितलं. "आधी सांगा, काय होईल?"

आबांनी तोंड उघडलं. चाळीस जगले तर हाही जगेल, असं म्हणावंसं वाटलं. पण चाळीसांतला एकही त्यांच्या हातचा नव्हता, आणि हा नव्या हाताचा, पहिलाच होता.

"माहीत नाही, पोरी," ते म्हणाले. "लाव."

तिने बोट टेकवलं. देठ मातीवर पडला.

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. आबांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. डावरी मात्र वही उघडून बसली होती. तिच्या तक्त्यात या रोपापुढची एक जागा कोरी राहिली होती.

"आबा, याला फुंकर घातली होती?"

"घातली."

"सवयीनं?"

आबांनी ओट्यावर बसलेल्या आजीकडे पाहिलं. "नाही, मुद्दाम," ते म्हणाले. "डोळ्याला नको होती. मला हवी होती."

डावरीने थोडा विचार केला, आणि ते तसंच वहीत लिहून घेतलं.